पुसलं कुणी, तेवढं लिहा

साडेचार फूट. सायबर कॅफेत दोन कॉम्प्युटरांच्या मधली फळी जमिनीपासून साडेचार फुटांपेक्षा उंच नको, असा नियम केंद्र सरकारने एप्रिल २०११ मध्ये काढला आणि त्या पावसाळ्यात दारव्ह्यातल्या माझ्या दुकानात सुतार करवत घेऊन आला. आधीच्या फळ्या पुरुषभर उंच होत्या. गिऱ्हाइकाला आडोसा लागतो. बारावीचा निकाल पाहायला आलेल्या पोरालाही मागून बाप डोकावलेला चालत नाही. सुतार हळहळला. "भाऊ, इतकी चांगली प्लाय काहून कापता जी?" मी म्हटलं, "माप दिल्लीहून आलं बाप्पा, काप."

नियमांत आणखीही बरंच होतं. ओळखपत्राशिवाय कुणाला बसवायचं नाही. नाव, पत्ता, कोणत्या कॉम्प्युटरवर बसला, कधी आला, कधी उठला, हे सगळं रजिस्टरमध्ये लिहायचं. ते रजिस्टर किमान वर्षभर जपायचं आणि अधिकारी मागेल तेव्हा पुढ्यात ठेवायचं. शिवाय अश्लील संकेतस्थळं पाहायला मनाई आहे, अशी पाटी दर्शनी भागात लावायची. मी ती लाल अक्षरांत रंगवून घेतली. असलं काही इंटरनेटवर मिळतं हे ज्यांच्या गावीही नव्हतं, त्यांना ते त्या पाटीमुळे कळलं.

दुकान सुरू केलं तेव्हा डायल-अपचा जमाना होता. आमची शकुंतला रेल्वे यवतमाळहून मूर्तिजापूरला ज्या बेतानं जायची, त्याच बेतानं फोटो उघडायचा. आधी आभाळ दिसायचं, मग टोपी, चहा होईस्तोवर चेहरा. आता तिथे आपले सरकार केंद्र आहे. पीक विम्याचे अर्ज, उत्पन्नाचे दाखले, झेरॉक्स. इंटरनेट प्रत्येकाच्या खिशात गेलं आणि माझ्या साडेचार फुटी फळ्या गोदामात गेल्या. रजिस्टरं मात्र मी टाकली नाहीत. कोण काय पाहायला बसला होता याचा हिशेब सरकारने माझ्यासारख्या तालुक्याच्या दुकानदाराकडून लिहून घेतला. इंटरनेटवरचं काय, कुणी, कशासाठी झाकलं याचा हिशेब मी मागितला तर तो कुठल्या टेबलावर मिळतो? इंटरनेटच्या सेन्सॉरशिपबद्दल माझा मुख्य सवाल इतकाच आहे, आणि तो मला त्या रजिस्टरांमुळेच सुचला.

आधी एक कबूल करायला हवं, की हिशेब ठेवला म्हणून न्याय होतोच असं नाही. ऑर्कुटची गोष्ट आठवते. छत्रपती शिवाजी महाराजांबद्दल बदनामीचा मजकूर ऑर्कुटवर टाकल्याच्या तपासात पुणे पोलिसांनी ऑगस्ट २००७ च्या अखेरीस बंगळूरहून एका तरुण इंजिनिअरला धरून आणलं. मजकूर टाकणाऱ्या कॉम्प्युटरचा इंटरनेटवरचा पत्ता, म्हणजे आयपी अ‍ॅड्रेस, याचाच आहे असं इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीने कळवलं होतं. तो दुसऱ्याच ग्राहकाचा निघाला. तोवर त्या पोराने ५० दिवस तुरुंगात काढले होते. त्याच सुमारास तिकडे मुंबईत ऑर्कुट उघडू देतात म्हणून सायबर कॅफेंची तोडफोड झाली. आमच्या इथे कुणी आलं नाही, पण काही दिवस मी ऑर्कुट उघडायला आलेल्यांना "सर्व्हर डाऊन आहे" म्हणून वाटेला लावत होतो. मला कुणी हुकूम दिला नव्हता. बंदीचं बरंचसं काम असं घाबरलेल्या दुकानदारांकडून फुकटात होत असतं. ते कुठल्याच आकडेवारीत येत नाही.

आता कायद्याकडे. कंटाळा येईल, पण थोडा वेळ द्या.

माहिती तंत्रज्ञान कायद्यात ६६-अ नावाचं कलम होतं. ऑनलाइन लिहिलेल्या मजकुराने कुणाला त्रास झाला, गैरसोय झाली, तरी तीन वर्षांपर्यंत कैद. गैरसोय! आमच्याकडे महावितरणने लाईन घालवली तरी गैरसोय होते. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे गेले, मुंबई बंद राहिली. हा बंद कशाला, असं पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर लिहिलं आणि तिच्या मैत्रिणीने त्याला लाइक केलं. दोघींना अटक झाली. लिहिणारीच्या काकांच्या दवाखान्याची नासधूस झाली. पुढे श्रेया सिंघल नावाची कायद्याची विद्यार्थिनी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने ६६-अ रद्दबातल ठरवलं. तरी पोलीस ठाण्यांत त्याच मेलेल्या कलमाखाली गुन्हे नोंदवले जात राहिले. ते थांबवा, असं न्यायालयाला २०२२ मध्ये पुन्हा सांगावं लागलं.

त्या निकालाचं सगळ्यांनी कौतुक केलं, मीही दुकानात पेढे वाटले. पण त्याच निकालात शेजारचं ६९-अ हे कलम शाबूत राहिलं, तिकडे आमचं लक्ष नव्हतं. देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, परराष्ट्र संबंध अशा कारणांसाठी केंद्र सरकारला या कलमाखाली संकेतस्थळ, खातं, पोस्ट बंद करता येते. न्यायालयाने ते टिकवलं कारण त्यात कारणं लेखी नोंदवण्याची अट आहे आणि हुकमाला आव्हान देता येतं. वाचायला ठीक. पण याच कलमाच्या २००९ च्या नियमांत १६ वा नियम आहे: तक्रार आणि कारवाई काटेकोरपणे गोपनीय. कारण लिहायचं, पण कपाटात ठेवायचं. ज्याची पोस्ट गेली त्याने आव्हान द्यायचं ते कशाच्या आधारावर?

सरकारने संसदेत दिलेले आकडे पाहा. या कलमाखाली २०१४ मध्ये ४७१ दुवे बंद झाले, २०२० मध्ये ९,८४९. यांतले कितीतरी योग्यच असतील. दहशतवाद्यांचे असतील, दंगल पेटवणारे असतील. असतील, असंच म्हणावं लागतं. यूट्यूबवर एखादा व्हिडिओ उघडायला जावं तर काळ्या पडद्यावर येतं, की राष्ट्रीय सुरक्षा किंवा सार्वजनिक सुव्यवस्थेसंबंधी सरकारी आदेशामुळे हा मजकूर या देशात उपलब्ध नाही. आदेश कोणत्या तारखेचा, कोणत्या वाक्यासाठी, काही नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये तमिळमधल्या 'विकटन' या जुन्या प्रकाशनाचं संकेतस्थळ पंतप्रधानांवरच्या व्यंगचित्रानंतर अनेकांना उघडेनासं झालं. तेव्हा हे कुणी केलं याचा शोध सुरुवातीला विकटनवाल्यांनाच घ्यावा लागला. मद्रास उच्च न्यायालयात गेल्यावर, ते व्यंगचित्र तूर्त काढायच्या अटीवर, संकेतस्थळ परत आलं.

सगळ्याच बंद्या अशा नसतात. २९ जून २०२० ला टिकटॉकसह ५९ चिनी अ‍ॅप बंद झाले, तेव्हा सरकारने जाहीर पत्रक काढलं. कलम लिहिलं, ५९ नावांची यादी दिली. आमच्याकडची कितीतरी पोरं त्या दिवशी रडकुंडीला आली. वावरात, बैलजोडीपुढे, आजीला सोबत घेऊन केलेले व्हिडिओ गेले ते गेलेच. बंदी बरोबर होती की चूक, यावर माझ्या काउंटरवर आठवडाभर भांडणं झाली. पण भांडायला समोर कागद होता. मला हवंय ते इतकंच. इंग्रजांनी खाडिलकरांच्या 'कीचकवध' नाटकावर १९१० मध्ये बंदी घातली तीही उघड हुकूम काढून. कुणाशी लढायचं हे मराठी माणसाला त्यामुळे ठाऊक होतं.

न कळणाऱ्या बंदीचा नमुना आम्ही यवतमाळकरांनी मात्र जानेवारी २०१९ मध्ये डोळ्यांनी पाहिला.

९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन ११ ते १३ जानेवारीला यवतमाळात होतं. १९७३ ला गदिमांच्या अध्यक्षतेखाली झालं होतं, त्यानंतर इतक्या वर्षांनी मांडव पुन्हा आमच्या दारी. अध्यक्ष अरुणा ढेरे. उद्घाटनाला नयनतारा सहगल येणार होत्या. वय ९१. आणीबाणीला विरोध केलेल्या, २०१५ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार परत केलेल्या. संमेलनाला जेमतेम काही दिवस उरले असताना आयोजकांनी त्यांना ई-मेल पाठवला: येऊ नका. कारण काय, तर इंग्रजीत लिहिणाऱ्या लेखिकेच्या हस्ते मराठी संमेलनाचं उद्घाटन नको म्हणून काहींनी कार्यक्रम उधळायची भाषा केली होती. विरोध करणाऱ्यांत मनसेचे स्थानिक पदाधिकारी होते. मग राज ठाकरेंनीच सांगितलं, की माझा विरोध नाही. तरी निमंत्रण काही पुन्हा धाडलं गेलं नाही. आयोजक साहित्य महामंडळाकडे बोट दाखवत होते, महामंडळ आयोजकांकडे. खरं कारण सहगलांच्या भाषणात आहे, आणि ते वर कुणाला तरी खुपलंय, अशी कुजबुज गावभर होती. महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद भालचंद्र जोशी यांनी राजीनामा दिला. बऱ्याच निमंत्रित लेखकांनी येणार नाही म्हणून कळवलं. पण 'हा निर्णय माझा, माझ्या या कारणासाठी' अशी ओळ लिहून खाली सही करायला कुणी पुढे आलं नाही. आजतागायत नाही.

आणि इकडे गंमत सुरू झाली. भाषण त्यांनी आधीच लिहून पाठवलेलं होतं. ते इंटरनेटवर आलं, पाठोपाठ मराठी भाषांतर आलं आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून दारव्हा, दिग्रस, आर्णी, पुसद असं फिरत सुटलं. एक निवृत्त मास्तर माझ्याकडे मोबाइल घेऊन आले. "हे मोठ्या अक्षरात काढून दे. घरी बायको वाचणार आहे." पिन मारून दिलं. संध्याकाळपर्यंत दुसरे आले, तिसरे आले. ज्यांनी सहगलांचं एक पुस्तक पाहिलं नव्हतं, त्यांच्या घरी त्यांचं भाषण गेलं. मुक्त विचार, झुंडीने घेतलेले बळी, दाभोलकर-पानसरे-कलबुर्गी-गौरी लंकेश यांच्या हत्या. मांडवात उद्घाटनाचं भाषण किती लोक कान देऊन ऐकतात हे संमेलनाला गेलेल्यांना ठाऊक आहे. अर्ध्यांचं लक्ष जेवणाच्या कुपनाकडे असतं.

उद्घाटन शेवटी कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी केलं, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची पत्नी. मी मांडवात होतो. त्या साध्या शब्दांत बोलल्या आणि मांडव ऐकत राहिला. त्यांना बोलावणं ही आयोजकांची अडचणीतून काढलेली वाट होती, असं लोक म्हणाले, असेल. पण त्यांचं भाषण तेवढ्यापुरतं नव्हतं. समोरच्या रांगांत काही महिलांनी सहगलांचे मुखवटे चढवले, ते उतरवायला पोलीस सरसावले, थोडा गोंधळ झाला. मावळते अध्यक्ष लक्ष्मीकांत देशमुख यांनी झाल्या प्रकारावर मंचावरूनच टीका केली. महिनाअखेरीस सहगल मुंबईत दादरच्या शिवाजी मंदिरात येऊन बोलल्या.

तेव्हा आम्हाला वाटलं, झालं! व्यासपीठ बंद करता येतं, फोन नाही करता येत. आता तसं वाटत नाही. मांडवातली खुर्ची रिकामी राहिली की ती सगळ्यांना दिसते. फोनमधून गेलेली पोस्ट तिथे होती हेच ज्याला कळलं नाही, तो मुखवटा कुणाचा घालणार?

मग सगळं उघडं ठेवावं का? माझे पुण्यातले भाचे तसंच म्हणतात. त्यांनी १ जुलै २०१८ आठवावा. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा आहे. रविवारचा बाजार. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत तिथे आले होते. पोरं पळवणारी टोळी फिरतेय, असे व्हिडिओ आणि मेसेज महिनाभर राज्यात फिरत होते. जमावाने त्या पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. कुणी याला सेन्सॉरशिप म्हणो, माझी तिला ना नाही. कुठलं वाक्य खरं, कुठलं खोटं हे ठरवायला ती बसत नाही, फक्त वेग कमी करते.

त्या दिवसांत बसस्टँडवर बसलेल्या एका बहुरूप्याचा फोटो आमच्या गावच्या ग्रुपवर आला. खाली लिहिलेलं: 'हाच तो.' ग्रुपचा अ‍ॅडमिन मी. त्या वेळी अ‍ॅडमिनला दुसऱ्याचा मेसेज पुसता येत नव्हता. मी पाठवणाऱ्याला ग्रुपमधून काढलं, फोटोखाली 'हा माणूस दरवर्षी येतो, माझ्या दुकानात चहा पितो' असं लिहिलं, ठाण्यात फोन केला आणि बसस्टँडवर गेलो. तो तिथेच विडी ओढत होता. त्याला काही पत्ता नव्हता. त्याला दुकानात आणून बसवलं. पुसायचं बटण असतं तर मी त्या क्षणी दाबलं असतं, जराही विचार न करता. म्हणून पुसणारा तितका वाईटच, हे मला पटत नाही.

सरकारने खरं-खोटं ठरवायची गोष्ट मात्र वेगळी. एप्रिल २०२३ मध्ये नियम बदलून केंद्राने स्वतःच्या कारभाराबद्दलची बातमी खोटी आहे की नाही हे ठरवणारा कक्ष नेमायची सोय केली. कक्षाने खोटी म्हटलेली पोस्ट समाजमाध्यमाने ठेवली, तर दुसऱ्याच्या मजकुराबद्दल त्याला मिळणारं कायद्याचं संरक्षण धोक्यात. विनोदवीर कुणाल कामरा आणि संपादकांच्या संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला. गौतम पटेल यांनी नियम रद्द म्हटला, नीला गोखले यांनी वैध. तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ ला तो घटनाबाह्य ठरवला. पीक विम्याचे पैसे जमा झाल्याची सरकारी जाहिरात आणि 'माझ्या खात्यात एक रुपया नाही' म्हणणारा शेतकऱ्याचा व्हिडिओ, यांतलं खोटं काय हे जाहिरात देणाऱ्यानेच ठरवायचं, असं माझ्या काउंटरवर चालत नाही. मी पासबुक छापायला सांगतो.

दार एक बंद झालं तर दुसरं असतंच. 'सहयोग' नावाच्या सरकारी पोर्टलवरून आता निरनिराळ्या यंत्रणा समाजमाध्यमांना मजकूर काढायच्या नोटिसा धाडतात. त्याविरुद्ध एक्स कंपनी कर्नाटक उच्च न्यायालयात गेली, सप्टेंबर २०२५ मध्ये याचिका फेटाळली गेली. आणि सगळ्यात सोपा उपाय म्हणजे नेटच बंद करणं. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावती पेटली तेव्हा झालं, जून २०२३ मध्ये स्टेटसवरून कोल्हापुरात तणाव झाला तेव्हा झालं. दंगल शमवायला ते लागत असेलही. पण नेट बंद करण्याचे आदेश प्रसिद्ध केलेच पाहिजेत, असं सर्वोच्च न्यायालयाने अनुराधा भसीन प्रकरणात १० जानेवारी २०२० ला सांगून ठेवलंय. अमरावतीत शिकणाऱ्या पोरांचे बाप माझ्याकडे येऊन विचारायचे, "नेट कधी सुरू होईल?" मी काय सांगणार.

ग्रुपच्या अ‍ॅडमिनचं दुखणं तर आमच्याच नागपूर खंडपीठापुढे गेलं होतं. गोंदियाकडच्या एका ग्रुपवर एका सदस्याने एका महिलेबद्दल घाणेरडं लिहिलं आणि अ‍ॅडमिनवरही गुन्हा दाखल झाला. १ मार्च २०२१ ला खंडपीठाने तो रद्द केला. अ‍ॅडमिनच्या हाती सदस्य घेणं आणि काढणं एवढंच असतं, दुसऱ्याने काय लिहावं यावर त्याचा ताबा नसतो, असं कारण दिलं. पुढच्याच वर्षी व्हॉट्सअ‍ॅपने अ‍ॅडमिनला पुसायचं बटण दिलं! आता मी कुणाचा मेसेज पुसला की तिथे माझं नाव येतं, की अमुक अ‍ॅडमिनने डिलीट केला. एका खासगी कंपनीने मला जितकी सही करायला लावली, तितकी १६ वा नियम सरकारला करायला लावत नाही.

नावाखाली मी स्वतः एक ओळ वाढवतो: का पुसलं. 'बाईचा फोन नंबर होता.' 'जुना व्हिडिओ, आपल्या गावचा नाही.' 'जातीवरून शिवी.' त्यावर शंभर जण वाद घालतात. घालू देत. एकदा एकाने दुकानात येऊन ऐकवलं, शिवी नव्हती, म्हण होती. म्हण त्याने पुन्हा म्हणून दाखवली. मी पुसलेलीच ठेवली, पण त्याचं म्हणणं त्याच्या नावानिशी ग्रुपवर टाकलं.

यंदाच्या हंगामात कापसाच्या मापात घोळ होतोय, असा एका शेतकऱ्याने व्हिडिओ टाकला. त्यात एका व्यापाऱ्याचा काटा दिसत होता, मागे त्याचं घर आणि ओट्यावर खेळणारी पोरं. व्यापाऱ्याचा पुतण्या ग्रुपमध्येच. "आत्ताच्या आत्ता पुसा." मी शेतकऱ्याला म्हटलं, घर आणि पोरं कापून पुन्हा टाक, सोबत काटापावती टाक. पुतण्याला म्हटलं, तुमच्याकडची पावती तुम्हीही टाका. शेतकऱ्याने टाकली. पुतण्याने टाकली नाही. रात्री त्याने ग्रुप सोडला आणि सकाळी गावाच्या नावाने दुसरा ग्रुप काढला. आमच्यातले बहुतेक जण त्यातही आहेत, मलाही त्याने घेतलंय. तिथे लिहायची सोय फक्त अ‍ॅडमिनला आहे.